उन्हाळ्यातल्या जलाशयावर तीन दिवस: मासा तळाला नव्हता

ऊन पाणी वरून तापवते, म्हणून मासा खाली थंड तळाला जाऊन बसतो, तेव्हा जिथे पाणी सर्वांत खोल तिथे गळाच्या दोरीला बांधलेले वजनाचे शिसे तळाला टेकवावे आणि वाट पाहावी, असे उन्हाळ्यात जलाशयावर गळ टाकणारे बहुतेक जण मानतात. आम्ही दोघेही हेच मानून गेलो आणि त्यापायी पहिला दिवस पूर्णपणे वाया घालवला. उरलेल्या दोन दिवसांत जे उमगले ते पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून मासे किती मिळाले यापेक्षा ते कोणत्या खोलीला मिळाले, याचाच हिशेब येथे अधिक दिला आहे.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी बरेच उतरले होते. पूर्ण भरलेल्या जलाशयाची रेघ खडकांवर फिकट पांढरी दिसत होती आणि तिथपासून पाण्यापर्यंतचा उतार भेगाळलेल्या गाळाचा झाला होता. एरवी पाण्याखाली असणारे झाडांचे बुंधे, एका जुन्या बांधाच्या दगडांची रांग आणि पूर्वीच्या ओढ्याची घळ, हे सारे उघड्यावर आले होते. दांडी बाहेर काढण्यापूर्वी हा काठ तासभर पायी फिरून पाहावा, कारण बांधाची रांग ज्या कोनात पाण्यात शिरते त्याच कोनात ती पुढेही गेलेली असते आणि काठाचा उतार जसा आहे तसाच तो बहुधा पाण्याखालीही काही अंतर चालू राहतो. आम्ही हे केले नाही. उन्हाच्या धास्तीने थेट सर्वांत खोल बाजूच्या सावलीत जाऊन बसलो.

तिथे पाणी सुमारे ४५ फूट खोल होते. आम्ही चार गळ तळाला सोडले, दोन गांडुळांचे आणि दोन कणकेच्या गोळ्यांचे. सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत एकाही दांडीचे टोक हलले नाही. गळ वर ओढला की शिसे काळ्या, लोण्यासारख्या गाळाने माखून येई आणि त्याला कुजक्या अंड्यांचा वास येई. सोबत्याला वाटले, खाली एखादे जनावर मरून पडले असावे. माझे लक्ष मात्र गांडुळाकडे गेले. वळवळते गांडूळ लावून सोडले होते, त्याला कुणी तोंडही लावले नव्हते आणि तरी ते दोरीच्या तुकड्यासारखे लुळे होऊन वर आले होते. खरे तर तेव्हाच जागा सोडायला हवी होती. पण बसलेल्या जागेवरून उठणे गळ टाकणाऱ्याच्या जिवावर येते, आणि आम्ही संध्याकाळपर्यंत तिथेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे जवळच काही मच्छीमार रात्रभर लावलेले जाळे नावेत ओढून घेत होते. जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे लावलेले होते आणि मासे त्याच्या फक्त वरच्या भागात अडकलेले होते. खालचा भाग रिकामा आणि शेवाळकट निघत होता. रिकाम्या आणि भरलेल्या भागांमधली सीमा इतकी स्पष्ट होती की जणू कुणी तिथे दोरी लावून मासे अडवले असावेत.

दुपारी आम्ही ती सीमा मोजून पाहिली. त्यासाठी यंत्र लागत नाही. लहान तोंडाच्या बाटलीला दगड बांधून तिच्या बुचाला आणि गळ्याला एकच सुतळी अशी बांधावी की झटका दिला की बूच निघेल. मग सुतळीवर दर पाच फुटांना गाठ मारून बाटली हव्या त्या खोलीपर्यंत सोडावी, झटका द्यावा, बुडबुडे थांबले की भराभर वर ओढावी आणि साध्या तापमापकाने पाणी मोजावे. आमच्या मोजणीत पृष्ठभागावर ३२ अंश सेल्सिअस, १० फुटांना ३०.५, १५ फुटांना ३०, २० फुटांना २८ आणि २५ फुटांना २६ अंश भरले. त्याखाली तापमान फारसे उतरले नाही, पण ३० फुटांच्या पाण्याला तोच कुजका वास होता.

याचे कारण असे. पाणी जितके गरम तितकी एकेका अंशागणिक त्याची घनता अधिक वेगाने घटते, म्हणून उन्हाळ्यात दोन-तीन अंशांचा फरकही वरचे हलके पाणी आणि खालचे जड पाणी एकमेकांत मिसळू न देण्यास पुरतो. वरच्या थराला वारा आणि शेवाळ प्राणवायू पुरवतात. खालच्या थरात तो वरून येऊ शकत नाही आणि जो असतो तो कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात खर्ची पडतो. तो संपला की तळाच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि आमच्या शिशाला येत होता तो वास त्याचाच. थंड असूनही ते पाणी माशाच्या उपयोगाचे राहत नाही. वरच्या पाण्याची अडचण वेगळी आहे. समुद्रसपाटीला गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना तो जेमतेम ७.५ वर येतो, आणि नेमक्या त्याच वेळी माशाच्या शरीराची गरज वाढलेली असते, कारण दहा अंश तापमान वाढले की त्याच्या शरीराचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून दुपारी मासा अगदी वरही थांबत नाही आणि सीमेखालीही जात नाही. आमच्या जलाशयात त्याला उरलेला पट्टा साधारण ८ ते १६ फुटांचा होता.

यातून निघणारा नियम एवढाच की तळ जिथे त्या सीमेच्या वर आहे तिथेच तळाला गळ टाकावा आणि इतरत्र गळ अधांतरी ठेवावा. मृगळ तळाला चरतो म्हणून त्याला ४५ फुटांवर शोधण्यात अर्थ नाही. तो त्याच जलाशयातल्या १० फुटी सपाटीवर चरत असतो. रोहू मधल्या पाण्यातला, तर वर वळलेल्या तोंडाचा कटला पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव गाळून खाणारा, त्यामुळे या दोघांसाठी तळाचा विचारच सोडून द्यावा.

अधांतरी गळ ठेवण्यासाठी सरकता फ्लोट, म्हणजे दोरीवर ओवलेला, पाण्यावर तरंगणारा खुणेचा तुकडा, हा सर्वांत सोपा उपाय आहे. फ्लोट दोरीवर मोकळा सरकता ठेवून, गळापासून हव्या त्या अंतरावर जाड दोऱ्याची गाठ मारावी आणि गाठ व फ्लोट यांच्यामध्ये एक लहान मणी ओवावा. फेकताना फ्लोट शिशाजवळ येतो, त्यामुळे १२ फुटांची खोलीसुद्धा लहान दांडीने फेकता येते. पाण्यात पडल्यावर शिसे खाली जाते आणि गाठ मण्याला अडली की गळ तेथेच थांबतो. गाठ घट्ट करण्यापूर्वी ओली करावी, नाहीतर नायलॉनची दोरी घर्षणाने तापून तिथेच कमकुवत होते. आम्ही आधी ८ फुटांपासून सुरुवात केली आणि वीस मिनिटांत ओढ न आल्यास गाठ दोन फूट सरकवत गेलो. बुडालेल्या बांधाच्या रांगेवर १२ फुटांना पहिला रोहू लागला. फ्लोट बुडाला नाही. तो हळूच वर उचलला गेला आणि पाण्यावर आडवा पडला. मासा आमिष घेऊन वर येतो तेव्हा शिशाचा भार फ्लोटवरून निघतो आणि असे होते. मी बुडण्याची वाट पाहत बसलो असतो तर तो सुटला असता. सोबत्याने हाताला कोपर मारले म्हणून दांडी उचलली. मासा अंदाजे तीन किलोंचा होता.

बनावट आमिष वापरणाऱ्यांनी बुडणारे आमिष पाण्यात पडताच मनात आकडे मोजावेत. ते एका सेकंदाला किती बुडते हे काठाजवळच्या माहीत असलेल्या खोलीत आधी पाहून ठेवले की प्रत्येक फेकीला कितव्या आकड्यावर रीळ फिरवायला लागायचे ते ठरते. आमचे एक आमिष सेकंदाला साधारण एक फूट जात होते आणि दहाच्या आतबाहेर मोजल्यावरच त्याला टोले बसले.

वाऱ्याकडे आम्ही पहिल्या दिवशी पाठ करून बसलो होतो, तीही चूक होती. सतत एका दिशेने वाहणारा वारा पृष्ठभागावरचे पाणी आणि त्यातले सूक्ष्म जीव ज्या काठाकडे ढकलतो, तिथे चांगल्या पाण्याचा थर जाड होतो आणि समोरच्या, निवाऱ्याच्या काठाला तो पातळ होतो. वारा तोंडावर घेऊन फेकणे त्रासाचे असते, लाटांत फ्लोटही नीट दिसत नाही. तरीही दुसऱ्या दिवसाचे पाचही मासे त्याच काठावर मिळाले आणि तिथे गळ दोन फूट अधिक खाली ठेवूनही चालला.

वेळेबाबतही एक समजूत दुरुस्त करावी लागली. पहाट सर्वोत्तम, असे सगळेच सांगतात. पण हिरवट शेवाळाच्या किंवा दाट पाणवनस्पतींच्या खाडीसारख्या कोपऱ्यात पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर वनस्पतीही तो वापरत असतात. अशा कोपऱ्यात उन्हे येईपर्यंत मासा सुस्त असतो. पहाटे मोकळ्या, वारा लागणाऱ्या पाण्यावर बसावे आणि कोपऱ्यांकडे सकाळी उशिरा किंवा संध्याकाळी वळावे. अकरा ते चार हा काळ सावलीत झोपण्याचा आहे. तेव्हा मासा मिळत नाही असे नाही, पण माणसाला ऊन लागते. अंधार पडल्यावर मात्र शिंगाळ्यासारखे मिशीवाले मासे उथळ पाण्यात चरायला येतात आणि चार-पाच फुटांतही तळाला टाकलेले गांडूळ घेतात.

उन्हाळ्याच्या पाण्यात कणकेचा गोळा हिवाळ्यापेक्षा लवकर विरघळतो. तो घट्ट मळावा आणि पंधरा मिनिटांनी पाहावा. अन्यथा तासभर रिकाम्या गळाची राखण होते. चारा टाकायचा तर मूठभरच टाकावा. न खाल्लेला चारा गरम पाण्यात आंबतो आणि त्या जागेचा प्राणवायू आणखी घटवतो. गांडुळांचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावा.

मरळ या साऱ्या हिशेबाबाहेर आहे. तो हवेत श्वास घेऊ शकतो, त्यामुळे उथळ, तापलेल्या, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यातही टिकतो आणि अधूनमधून वर येऊन गुळकन हवा गिळतो. ते वर्तुळ दिसले की त्यापलीकडे फेकून बेडकाच्या आकाराचे तरंगते आमिष त्यावरून ओढत आणावे. सोबत्याला तिसऱ्या दिवशी असाच एक मिळाला. परंतु लालसर-नारिंगी पिलांचा थवा पृष्ठभागावर उकळल्यासारखा दिसत असेल तर तिथे आमिष टाकू नये. खाली राखण करणारा मासा भुकेने नव्हे, रागाने चावतो आणि तो गेला की पिले इतरांच्या तोंडी जातात.

मासा सोडून द्यायचा असेल तर गरम पाण्यात त्याला दमवणे घातक ठरते. म्हणून या दिवसांत बारीक दोरीने लांबवत खेळण्यापेक्षा जाड दोरी घ्यावी, मासा लवकर आणावा, हात ओले करूनच धरावा आणि शक्य तर पाण्यातच गळ काढावा. जाळीच्या पिशवीत तासन्‌तास ठेवलेला मासा सोडल्यावर पोहत जातो, पण त्यातले बरेच पुढे मरतात. पोट फुगलेल्या, अंड्यांवर आलेल्या माद्या आम्ही ठेवल्या नाहीत. पुष्कळ मासे एकदम पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकताना दिसले तर गळ गुंडाळावा. वादळाने थर ढवळले गेले की असे होते आणि तेव्हा ते चावतही नाहीत.

धोक्यांपैकी गाळाचा धोका आम्ही प्रत्यक्ष अनुभवला. वरून वाळून भेगाळलेला गाळ पाण्याजवळ पापुद्र्यासारखा असतो; माझा एक पाय गुडघ्याच्या वरपर्यंत गेला आणि सोबत्याने दांडी नव्हे तर तिचे वेष्टन पुढे केले तेव्हा निघालो, बूट तिथेच राहिला. पुढे काठी टोचत, खडकाळ किंवा गवताळ भागावरूनच पाण्यापर्यंत जावे आणि एकट्याने जाऊ नये. तिसऱ्या दिवशी दुपारी ढग गडगडू लागले तेव्हा आम्ही लगेच उठलो. कार्बनची दांडी विजेची उत्तम वाहक असते, ती उभी धरून मोकळ्या काठावर थांबणे जिवाशी खेळ आहे. ती जमिनीवर आडवी ठेवून दूर जावे. विजेच्या तारांखालीही फेकू नये. धरणाची भिंत, दरवाजे आणि पाणी उचलण्याचे मनोरे यांच्याजवळ जाण्यास बहुधा बंदी असते आणि ती पाळावी, कारण तिथे खालची ओढ वरून दिसत नाही. मासेमारीचा हक्क कुणाकडे आहे, परवाना लागतो का, कोणत्या महिन्यांत बंदी आहे, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

पहिल्या संध्याकाळी पाण्याच्या कडेला रोवलेली काठी निघताना कोरड्या गाळात, पाण्यापासून चार पावले दूर उभी होती. पाणी रोज उतरत असते, वारा बदलतो, वादळी पाऊस थर ढवळून टाकतो. तेव्हा आमचे १२ फूट तुमच्या खेपेला उपयोगी पडतीलच असे नाही. बाटली, सुतळी आणि तापमापक सोबत न्यावा, आणि ते नसले तर शिसे तळाला टेकवून वर काढून नाकाजवळ धरावे. वास आला तर काठाकडे उथळात सरकत, स्वच्छ गाळ येईपर्यंत खोली मोजत जावे.