मेलेली बॅटरी आणि अडून बसलेला बायोस

आमचा डेल लॅटिट्यूड ई६४३० लॅपटॉप वजनाला पाट्याएवढा आणि तितकाच दणकट. बॅटरीने मात्र तीन वर्षांपूर्वी राम म्हटला. तेव्हापासून तो दावणीला बांधल्यासारखा प्लगपाशीच असतो. वायरीला धक्का लागला की बंद. शिकवणीच्या प्रश्नपत्रिका टाइप करायला मला तेवढा पुरतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. लॅपटॉपच्या तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकायचं ठरवलं. पण आधी बायोस, म्हणजे मशीन चालू करणारा आतला प्रोग्राम, नवा करायचा. आतला २०१३ चा, म्हणजे जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर-मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटींचा बोभाटा झाला त्याच्या कितीतरी आधीचा. विंडोज आहे तोवर हे काम उरकणं सोपं, कारण डेलची फाइल तिथे डबल क्लिक केली की चालते.

नाही चालली. अ‍ॅडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही लावा, मग बघू, म्हणाली.

चिडले, पण तिचं काही चुकत नव्हतं. बायोस राहतो मदरबोर्डवरच्या आठ पायांच्या चिपमध्ये. नवा लिहिण्याआधी तिथला जुना तुकड्यातुकड्याने पुसावा लागतो. पुसून झालं, लिहायचं राहिलं आणि तेवढ्यात लाईट गेली, तर चालू कसं व्हायचं हेच मशीन विसरतं. मग चिपला चिमटा लावून, बाहेरून प्रोग्रामर जोडून लिहिणारा कारागीर शोधत फिरा. एरवी लाईट गेली तर बॅटरी सांभाळून घेते. आमची सांभाळणार नव्हती.

अट ओलांडायची सोय आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडायचा, फाइलचं नाव लिहायचं, एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘फोर्सइट’, इंग्रजीत, सलग. हा शब्द तपासण्या बाजूला सारतो. म्हणून फाइल आपल्याच मॉडेलची आहे ना, हे लॅपटॉपमागच्या सर्व्हिस टॅगच्या नंबरवरून दोनदा पडताळलं.

राहिला लाईटचा प्रश्न. घरात इन्व्हर्टर आहे, पण तो क्षणभर विचार करून मग उचलतो. पंख्याला चालतं, याला नको. भाऊजींच्या झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरचा यूपीएस आहे, तो लगेच उचलतो.

“वहिनी, गुरुवारी न्या, दुकान बंद असतं.”

“अहो भाऊजी, गुरुवारी दुकान बंद का असतं? लाईट नसते म्हणूनच ना!”

बुधवारी रात्री आणला. पण आणलेल्या यूपीएसचीही बॅटरी म्हातारी असू शकते. म्हणून लॅपटॉप त्याला जोडून एफ-टू दाबून बायोसच्या पडद्यावर ठेवला आणि यूपीएसची वायर भिंतीतून उपटली. पीं पीं करत अकरा मिनिटं टिकला, तेव्हा मी वायर परत लावली. त्या अकरा मिनिटांत सगळ्या सेटिंग्जचे मोबाइलवर फोटो काढले. साटा मोडचा, म्हणजे डिस्कशी बोलायच्या पद्धतीचा, तर दोनदा. एएचसीआय या पद्धतीवर टाकलेलं विंडोज असेल आणि अपडेटनंतर तिथे रेड ही दुसरी पद्धत होऊन बसली, तर निळा पडदाच बघायचा.

यूपीएस पुरता चार्ज होऊ दिला. रात्री साडेदहाला एंटर दाबलं. लॅपटॉप बंद झाला, पुन्हा उठला, पट्टी सरकू लागली आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा सुटला. पंखा असा ओरडतो हे माहीत होतं, तरी उगाच हात लावून बघितला. मग पडदा काळा. किती वेळ कोण जाणे, मी घड्याळाकडे नाही, प्लगकडे बघत होते. शेवटी डेलचं चिन्ह आलं.

साटा मोड जागच्या जागी होता. सकाळी यूपीएस परत पोचवला. मिंट अजून टाकलेलं नाही. आठवीचे पेपर तपासायचे आहेत.