मिनी ट्रॅक्टर तापतोय म्हणजे इंजिन गेलं असं नसतं

द्राक्षाची खरड छाटणी उरकली की एप्रिलमध्ये बागांत रोटर, म्हणजे माती फोडणारे रोटाव्हेटर, फिरायला लागतात, आणि त्याच दिवसांत गावात कुठे ना कुठे ऐकू येतंच की अमक्याचा मिनी तापायला लागला, आता इंजिनाचं काम निघणार. मला याचं खरंच वाईट वाटतं. कारण जुना मिनी तापतो तेव्हा बहुतेक वेळा दोष इंजिनाच्या आत नसतोच, तो पाण्यात, रेडिएटरमध्ये, झाकणात नाहीतर बेल्टमध्ये असतो, आणि तिथला खर्च इंजिन उघडण्याच्या मानाने काहीच नसतो. पण मेकॅनिककडे नेला की पहिलं वाक्य ठरलेलं, जुना झालाय, पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील. अहो आधी पाणी तर बघा!

आमच्या नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे जुना मिनी म्हटलं की बहुतेक मित्सुबिशी शक्तीचा एमटी १८० डी, तीन सिलेंडर, साडेअठरा एचपी, पाण्यावर थंड होणारा. द्राक्षाच्या दोन ओळींत हाच बसतो त्यामुळे वीस-वीस वर्षं जुने ट्रॅक्टर अजून रोज ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, ओढतायत. आता याचं काम कसं असतं ते बघा, पीटीओवर, म्हणजे मागच्या यंत्राला इंजिनाची ताकद देणाऱ्या दांड्यावर, ब्लोअर किंवा रोटर लावलेला, इंजिनाचे आरपीएम चढलेले, आणि ट्रॅक्टर चालतोय माणसाच्या चालीने, त्यात मांडवाखाली वारा बिलकुल नाही. गाडीला जशी पळताना समोरून हवा मिळते तशी याला मिळत नाही, जी काय हवा ती सगळी फॅननेच ओढायची. डिझेलमधून निघालेल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा कामाला लागतो, तिसरा सायलेन्सरमधून जातो आणि उरलेल्यातला मोठा भाग पाण्याला उचलायचा असतो. छोट्या इंजिनात पाणीही थोडंच, म्हणजे कुठे जरा अडलं की तापमानाचा काटा लगेच वर.

सगळ्यात आधी रेडिएटरची बाहेरची बाजू. फवारणीच्या हंगामात ब्लोअरचं धुकं ट्रॅक्टरवरच येऊन बसतं, त्यात बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या औषधाचा) चुना, सल्फर, वरून धूळ, आणि हे सगळं पातळ पत्र्यांच्या मधे जाऊन सुकतं. समोरून बघितलं तर रेडिएटर स्वच्छ दिसतो, पण मागून बॅटरी मारा आणि पुढून बघा, उजेड आरपार येत नसेल तर हवाही जात नाहीये. साफ करायचा तो फॅनच्या बाजूने पुढे, म्हणजे कचरा जिथून शिरला तिथूनच बाहेर निघेल, आणि साध्या नळाच्या पाण्याने, थोडं साबणाचं पाणी आधी मारून भिजू द्यायचं. फवारणीचा जोरदार दाबाचा एचटीपी पंप लावून जवळून मारू नका, पत्रे आडवे होतात आणि मग ती जागा कायमची बंद. अजून एक गोष्ट मी बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरवर बघतो, विकताना किंवा पोळ्याच्या आधी सगळ्या ट्रॅक्टरला रंग मारतात तेव्हा रेडिएटरवरही ऑइल पेंटचा जाड थर मारून ठेवतात. दिसायला छान पण उष्णता आतच कोंडते.

फॅनभोवती जो पत्र्याचा नाहीतर प्लास्टिकचा घेर असतो तो शंभरातल्या कितीतरी ट्रॅक्टरवर गायब असतो, कधीतरी बेल्ट बदलताना काढला आणि परत बसवलाच नाही. तो शोभेचा नाहीये. तो नसेल तर फॅन आजूबाजूची गरम हवाच फिरवत बसतो, रेडिएटरमधून ओढतच नाही. भंगारात मिळाला नाही तर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घ्या, पण बसवा. बेल्टचं एवढंच की दोन पुलींच्या मधे अंगठ्याने दाबला तर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे, ढिला असेल तर घसरतो आणि फार ताणला तर वॉटर पंपाचं बेअरिंग खातो.

आता मुख्य विषयावर येतो, पाणी.

आपल्याकडे बोरचं पाणी रेडिएटरला घालतात, बादली हाताशी असते म्हणून. बोरच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, पाणी तापलं की ते सुटे होऊन जिथे सगळ्यात जास्त गरम तिथेच चिकटतात, म्हणजे हेडमध्ये (सिलेंडरच्या वरच्या भागात) आणि सिलेंडरच्या भोवती, जिथून उष्णता निघायला हवी नेमकं तिथेच. ओतीव लोखंडाच्या मानाने हा पांढरा थर उष्णता वीसेक पटीने तरी कमी पुढे नेतो. आंघोळीच्या पाण्याच्या हीटरच्या कॉइलवर जे पापुद्रे जमतात तेच हे, फक्त इथे डोळ्याला दिसत नाही. आणि खरी गोम पुढे आहे. एकदा भरलेल्या पाण्यात क्षार किती, तर ठरावीक. पण ज्या ट्रॅक्टरला रोज सकाळी लिटरभर पाणी घालावं लागतं त्याच्यात काय होतं, पाणी वाफ होऊन निघून जातं आणि क्षार मागे राहतो, दुसऱ्या दिवशी नवीन पाणी नवीन क्षार घेऊन येतं, असं वर्षभर. म्हणून 'थोडं पाणी खातो, बाकी काही नाही' हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते, ती छोटी गळतीच ब्लॉक आतून बुजवत असते.

कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं ग्लायकॉलचं द्रव, त्याबद्दल लोक म्हणतात आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, ते थंड मुलखातल्यांचं काम. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा हिवाळ्यात कधीकधी अगदी दोन-तीन अंशांवर येतो, बातम्यांत येतं ते, पण तेवढ्याने इंजिन फुटत नाही हे खरं. मात्र कूलंटचं आपल्याकडचं काम गोठणं थांबवणं हे नाहीच. एक तर त्यात गंज रोखणारी रसायनं असतात, लोखंडाचा ब्लॉक, तांब्या-पितळेचा रेडिएटर, कुठे ॲल्युमिनियम, असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बसले की गंज जोरात धरतो, तो ती थांबवतात. आणि दुसरं, निम्मं ग्लायकॉल निम्मं पाणी असलं की ते साध्या पाण्यापेक्षा सात-आठ अंश उशिरा उकळतं. डबा घेताना वाचा, तयार मिश्रण आहे की पाणी मिसळायचं आहे, आणि मिसळायचं असेल तर बॅटरीचं डिस्टिल्ड पाणीच घ्या, अडचणीत घरातलं आरओचं चालेल पण बोरचं नको. हिरवं, निळं, लाल या रंगावरून आतलं रसायन ओळखता येत नाही त्यामुळे दोन वेगळे डबे एकमेकांत ओतू नका. दोन वर्षांनी बदला.

रेडिएटरचं झाकण हा भाग सगळे विसरतात. बऱ्याच झाकणांवर ०.९ (बार) लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढा दाब ते आत धरून ठेवतं, आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ला न उकळता ११८ च्या आसपास उकळतं. रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली की हा सगळा फायदा गेला, शंभरीलाच पाणी उकळून बाहेर. त्यात अजून एक छोटा वॉल उलट्या दिशेचा असतो, इंजिन थंड होताना रेडिएटरशेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीतलं पाणी परत आत घेणारा, तो अडकला तर सकाळी होज पाईप चपटा झालेला दिसतो. झाकण इतकी स्वस्त वस्तू आहे की शंका आली तरी बदला, फक्त तोच आकडा असलेलं आणा. गरम असताना उघडू नका हे मी दरवेळी सांगतो आणि सांगत राहीन, तोंड भाजलेली माणसं बघितलीयत. आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. काटा वर गेला की पीटीओ बंद करा, भार काढा, काही मिनिटं आयडलवर चालू द्या. पण पाणीच संपलं असेल तर लगेच बंद.

यावरून एक महत्त्वाचं, पाणी पूर्ण गेलं की काटा उलट खाली येऊ शकतो, कारण सेन्सरला पाणी लागतच नाही. तापत होता आणि अचानक काटा उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका.

थर्मोस्टॅट, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला वॉल म्हणतात तो, आमच्या भागात बहुतेक जुन्या ट्रॅक्टरमधून काढून फेकलेला आहे, 'आपल्याकडे ऊन, त्याची गरज नाही' म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. तो साधारण ८० अंशांना पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडतो आणि तोवर इंजिन लवकर गरम होऊ देतो, थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, काही भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि लायनर-रिंगा लवकर झिजतात. हिवाळ्यात पहाटे फवारणीला निघणाऱ्या ट्रॅक्टरचं नेमकं हेच होतं. म्हणजे ज्या रिंगा पुढे गेल्या म्हणतात त्या वॉल काढल्यामुळेही जाऊ शकतात. खराब झालाय का हे घरी कळतं, पातेल्यात पाणी घेऊन वॉल दोऱ्याने लटकवा, थर्मामीटर सोडा आणि गॅसवर ठेवा, त्यावर छापलेल्या अंशाच्या जवळपास उघडला आणि थंड झाल्यावर बंद झाला तर चांगला आहे.

आतून धुवायचं असेल तर रेडिएटरच्या खालचा कॉक सोडून मोकळे होऊ नका, ब्लॉकच्या बाजूला वेगळा कॉक किंवा बोल्ट असतो तोही काढा. जुन्या इंजिनात तिथून सुरुवातीला काहीच येत नाही कारण आत गाळ बसलेला असतो, तारेने टोचलं की तांबडा चिखल येतो. थोडासाच क्षार असेल तर लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास लिंबूसत्व घालून इंजिन गरम करून चालवायचं, मग साफ पाणी येईपर्यंत पुन्हापुन्हा धुवायचं. संडासचं ॲसिड मात्र कुणी सांगितलं तरी घालू नका, ते रेडिएटरचं डाग काम (झाळलेले जोड) खातं आणि दुसऱ्या दिवशी दहा जागी गळती. नळ्याच बुजल्या असतील तर रेडिएटरवाला वरची टाकी डाग सोडवून काढतो, एकेक नळीतून सळई मारतो आणि परत झाळून पाण्याच्या हौदात हवा भरून दाखवतो, समोर उभं राहून बघा. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकतात तीही नको, बागेतून घरी यायला एखाद्या वेळी उपयोगी पडेल पण ती गळतीच्या जागीच जाऊन बसते असं नाही, त्याच बारीक नळ्याही बुजवते. वॉटर पंपाच्या खाली एक छोटं भोक असतं, तिथून थेंब येत असतील तर सील गेलंय, भोक एमसीलने बुजवणारे बघितलेत, ते पाणी मग बेअरिंगमध्ये जातं.

भरताना सावकाश भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, वरचा पाईप हाताने दाबत राहा म्हणजे अडकलेली हवा निघते. हे सगळं करूनही तापला, आणि थंड इंजिन चालू केल्या केल्या रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले किंवा डिपस्टिकला दुधाळ चहासारखं ऑइल लागलं, तर मग हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलंय, तेव्हा इंजिन जरूर उघडा.

काढलेलं जुनं कूलंट गोठ्याजवळ ओतू नका. चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्रं किंवा वासरू चाटून जातं. डब्यात घेऊन झाकण लावून ठेवा.