ओपनडब्ल्यूआरटीची विकी जरा झाडून घ्या रे

ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरवर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, 2004 पासून चालूय, त्यामुळे विकीवर जुन्या पानांचा ढीग साचलाय. 21.02 व्हर्जनमध्ये बऱ्याच राउटरवर स्विचकॉन्फिग (राउटरचे पोर्ट सेट करायची जुनी पद्धत) जाऊन डीएसए ही नवी पद्धत आली, 22.03 ला फायरवॉल आयपीटेबल्स या जुन्या यंत्रणेवरून एनएफटेबल्स या नव्या यंत्रणेवर गेला, तरी व्हीलॅनच्या (एकाच राउटरवर वेगवेगळी नेटवर्क करायच्या) जुन्या गाइडमध्ये अजून ‘ईथ0.1’ हे स्विचकॉन्फिगच्या काळातलं इंटरफेसचं नाव आहेच, आणि नवीन माणूस ते जसंच्या तसं कॉपी-पेस्ट करतो, मग राउटरला लॉगिनच होत नाही, बसा फेलसेफ मोडसाठी (बिघडलेली सेटिंग बाजूला ठेवून राउटर चालू करायला) बटण दाबत.

पानाच्या डोक्यावर लिहा ना, कुठल्या व्हर्जनवर करून पाहिलंय ते! हार्डवेअर व्हर्जनपण, कारण टीपी-लिंकच्या आर्चर सी7 राउटरचं व्ही2 आणि व्ही5, नाव एकच पण फाइल वेगळ्या. मी तरी नवीन पान काढत नाही, जुन्यातच दुरुस्ती करतो. सध्या फॅक्टरी (कंपनीच्या सॉफ्टवेअरवरून पहिल्यांदा टाकायची) आणि सिसअपग्रेड (आधीच ओपनडब्ल्यूआरटी असेल तर अपडेटची) इमेज फाइल यांचा घोळ निस्तरतोय.