७२ लाख चौरस फूट मोजायला गेलो, त्याची गोष्ट

हा कारखाना मोजायला जाणार असाल तर उत्तरेच्या कुंपणालगतची वाट धरू नका. पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं लक्षात ठेवा. मला ती वाट "सपाट आहे, फार तर वीस मिनिटं" अशी सांगितली गेली होती. सांगणारा तिथे कधी चालला असेल यावर माझा काडीचा विश्वास नाही. एक तास दहा मिनिटं लागली, आणि त्या चालण्यातून हाती आलेला आकडाही चुकीचा निघाला.

कारखान्याचं नाव-गाव मुद्दाम लिहीत नाही. चालू बांधकामाभोवती बघ्यांची गर्दी वाढवण्यात अर्थ नाही, आणि मोजायची रीत कुठेही तीच. गेलं वर्षभर या कारखान्याबद्दल ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच आकडा होता: ७२ लाख चौरस फूट. आकडा कुणी काढला, कसा काढला, कुणालाच ठाऊक नाही, पण सांगताना प्रत्येकाची छाती फुगलेली. खरं तर निघण्यापूर्वीच एक भागाकार करायला हवा होता. अमेरिकेत एव्हरेटला बोइंगची विमानं जोडायची इमारत आहे, घनफळाने जगातली सर्वात मोठी. तिने व्यापलेली जमीन ९८.३ एकर, म्हणजे साधारण ४३ लाख चौरस फूट. मग आमचा हा कारखाना तिच्या पावणेदोनपट झाला की! हे गणित मी घरी परत आल्यावर केलं. तुम्ही आधी करा.

पहिल्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा डोळ्यांनी सपशेल दगा दिला. बिनखिडक्यांची पांढरी भिंत कितीही लांबची वाटू शकते. घराचा अंदाज आपण दारावरून, मजल्यावरून घेतो. इथे दारच नाही. मी मनात म्हटलं, एक किलोमीटर तरी असेल. तेवढ्यात भिंतीच्या कडेने एक डंपर निघाला आणि बघता बघता दुसऱ्या टोकाला पोचलासुद्धा. तिथेच शंका यायला हवी होती. पण मी पावलं मोजायच्या तयारीने आलो होतो, त्यामुळे शंका खिशात घालून उत्तरेकडे वळलो.

माझं पाऊल ७५ सेंटिमीटरचं. डांबरी रस्त्यावर तीन वेळा तपासलेलं आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या वाटेबद्दल. कुंपणाच्या आतली जमीन सपाट करताना निघालेली माती बाहेरच्या कडेला लोटलेली, आणि "वाट" म्हणजे त्या ढिगाऱ्याचा उतार. एक पाय वर, एक पाय खाली. धूळ बसावी म्हणून आत पाण्याचे टँकर फिरतात. ते पाणी झिरपून बरोबर या बाजूला येतं. वरून कोरडी पापुद्र्यासारखी दिसणारी माती पाय पडला की घोट्यापर्यंत खाली. बूट ओढून काढायचा, शेजारच्या ढेकळावर घासायचा, पुढचं पाऊल टाकायचं आणि तोंडाने मोजणी चालू ठेवायची. आठशे एक, आठशे दोन. मध्ये पाणी वाहून न्यायचा एक चर आहे, दोन मीटर रुंद असेल. त्यावर कुणीतरी टाकलेली फळी माझ्या वजनाने इतकी वाकली की मी "आठशे चाळीस" हा आकडा चार वेळा म्हटला. काठी नव्हती. काठी न्या. खरं म्हणजे जाऊच नका.

शेवटच्या खांबापाशी १,६८० पावलं भरली. गुणिले पाऊण मीटर, म्हणजे १,२६० मीटर. चिखलाने माखलेल्या बोटांनी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. संध्याकाळी उपग्रहाच्या चित्रावर तीच बाजू पट्टीने मोजली तर १,०५० भरली. म्हणजे चिखलात माझं पाऊल ६२ सेंटिमीटरवर आलं होतं. दक्षिणेला कुंपणाला समांतर पक्का सार्वजनिक रस्ता आहे. तिथे हेच काम पंधरा मिनिटांत, कोरड्या बुटांनी झालं असतं. यावर अधिक लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

(फोनमधल्या जीपीएसने काढलेलं अंतरही जसंच्या तसं घेऊ नका. ते दर काही सेकंदांनी तुम्हाला थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवतं आणि ती सगळी वळवळ अंतरात धरतं. थांबून घाम पुसत असलात तरी तुमचं "चालणं" चालूच असतं. टोकाच्या दोन बिंदूंमधलं सरळ अंतर घ्या.)

आता खांब. इमारत अजून अर्धी उघडी आहे, पत्रे एकाच अंगाला चढलेत, त्यामुळे लोखंडी सांगाडा बाहेरून स्वच्छ दिसतो. मोजायचं असेल तर याच अवस्थेत मोजा. पत्रे लागले की संपलं. दोन खांबांमधला गाळा एका ओळीत सगळीकडे सारखा असतो, म्हणून एका गाळ्याची लांबी कळली की नुसते गाळे मोजायचे. गाळ्याची लांबी कशी कळणार? कंटेनर शोधा. जगात कुठल्याही साइटवर ते पडलेले असतात आणि त्यांची मापं ठरलेली: मोठा १२.१९ मीटर, छोटा ६.०६, दोन्हींची रुंदी २.४४. माझ्या नशिबाने एक मोठा कंटेनर भिंतीला अगदी चिकटून उभा होता. दुर्बिणीतून पाहिलं तर त्याची दोन्ही टोकं मिळून खांबांच्या मध्यापासून जेमतेम वीतभर बाहेर. गाळा १२ मीटरचा. आडव्या बाजूला छोटा कंटेनर गाळ्याच्या दोन तृतीयांशात बसत होता, म्हणजे तिकडे ९. दोन्ही बाजूंचे गाळे सारखेच असतील असं धरून चालू नका, नसतात.

इथवर सगळं शहाण्यासारखं केलं, आणि मग भर दुपारी खांब मोजायला बसलो. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत होती, खांबांचे पाय पाण्यात बुडाल्यासारखे दिसत होते, दूरचे खांब एकमेकांत मिसळत होते. तीनदा मोजले, तीन उत्तरं. शेवटी थकून बहुमताने ठरवलं: लांबीला ५४ खांब, रुंदीला २९. म्हणजे ५३ गाळे आणि २८ गाळे. ६३६ मीटर गुणिले २५२. साधारण सव्वासतरा लाख चौरस फूट. ७२ चा पत्ता नाही.

रात्री एका मित्राला फोन केला. तो आयुष्यभर लोखंडी सांगाडे उभारत आलाय. मी आकडे सांगितले. त्याने एकच विचारलं, "जोडखांब दोनदा मोजलेस ना?"

"कसले जोडखांब?"

"अरे, एवढी लांब इमारत सलग कशी बांधतील? उन्हात फुगायला जागा नको?"

लोखंड दर अंशाला लांबीच्या साधारण १२ दशलक्षांश पट वाढतं. १०० मीटरचा सांगाडा ३० अंशांनी तापला तर ३६ मिलिमीटर, म्हणजे दोनेक बोटं लांबतो. म्हणून लांब इमारत तुकड्यातुकड्यांत उभी करतात आणि दोन तुकडे भेटतात तिथे अनेकदा खांबाला खेटून दुसरा खांब असतो, मध्ये फट. लांबून, थरथरत्या हवेत, तो सरळ पुढचा खांब वाटतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो. हवा स्थिर, तिरका उजेड, गार वारा, पक्का रस्ता. छान गेला दिवस, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. जोडखांब दुर्बिणीत लगेच सापडले: लांबीच्या बाजूला पाच जोड्या, रुंदीला दोन. म्हणजे खऱ्या खांबरेषा ४९ आणि २७. गाळे ४८ आणि २६. ५७६ मीटर गुणिले २३४. १,३४,७८४ चौरस मीटर, ३३ एकर, साडेचौदा लाख चौरस फूट. आदल्या दिवशीची चूक लांबीत दहा टक्के आणि रुंदीत आठच टक्के होती, पण क्षेत्रफळात १९ टक्के झाली. बाजू मोजताना "चालतंय थोडं" म्हणायची सवय असेल तर आत्ताच सोडा.

मग टेकडी. अर्ध्या तासाची चढण आहे, दम टिकत असेल तर विशेष काही नाही. वरून भिंत बरोबर समोर येते, अंतर नकाशावर २,१०० मीटर. हात सरळ ताणून मूठ धरली की ती सुमारे १० अंश झाकते, मधली तीन बोटं ५ अंश. इमारत एक मूठ आणि तीन बोटांत बसली. १५ अंश, म्हणजे ५५३ मीटर. खऱ्या मापापेक्षा चार टक्के कमी! दोन दिवस, एक दुर्बीण आणि बुटांचा एक जोड खर्ची घालून मी जे मिळवलं त्याच्या इतकं जवळ माझी मूठ एका मिनिटात पोचली. हसू की रडू कळेना, पण वरचा वारा इतका झकास होता की हसलो. टेकडीवर आधी जा. इमारत तिरकी दिसत असेल तर मात्र ही युक्ती कमी भरते, समोरासमोरची जागा शोधावी लागते.

आणि ७२ लाखांचा उलगडाही तिथेच झाला. वरून दिसतं की इमारतीभोवती जमिनीचा एक अवाढव्य फिकट आयत सपाट केलाय, कडा सुरीने कापल्यासारख्या. त्याची लांब बाजू म्हणजेच माझी ती चिखलाची १,०५० मीटर. आडवी बाजू चित्रावर ६४० भरते. गुणाकार करा: ७२ लाख ३३ हजार चौरस फूट. कुणीतरी उपग्रहाच्या चित्रावर तो फिकट आयत पाहिला, त्यालाच छप्पर समजून पट्टी लावली आणि आकडा सोडून दिला. वर्षभर सगळे सपाट केलेल्या मातीचं माप कारखान्याचं म्हणून सांगतायत. मीही सांगत होतो.

चित्रांवरून मोजणार असाल तर ती वापरा, मी विरोधात नाही, पण बेतानेच. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची फुकट चित्रं दर काही दिवसांनी नवी मिळतात, म्हणून बांधकामाची प्रगती बघायला उत्तम. पण त्यांचा एक ठिपका १० मीटरचा. ही इमारत तिथे जेमतेम ५८ ठिपके लांब आणि २३ रुंद दिसते. दोन्ही बाजूंना एकेक ठिपका चुकला की क्षेत्रफळ सहा टक्के हललं. जास्त बारकाव्याच्या चित्रांत उंच इमारत कलंडलेली दिसते, तेव्हा एक कड जमिनीवर आणि दुसरी छपरावर धरू नका. आणि दोन देशांतल्या इमारतींचे एकाच झूमवरचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवून "बघा केवढा मोठा" म्हणणं तर बंदच करा. वेबवरचे बहुतेक नकाशे ध्रुवांकडे जाताना ताणले जातात. ६० अंश अक्षांशावरची इमारत विषुववृत्तावरच्या तेवढ्याच इमारतीच्या चौपट क्षेत्रफळाची दिसते, ४० अंशांवरची १.७ पट.

आता "खरा आकार" विचाराल तर उत्तर एक नाही, आणि यात लबाडीच असते असं नाही. टेस्लाच्या नेवाडातल्या कारखान्याचं उदाहरण घ्या. एका टप्प्यावर कंपनीच सांगत होती की इमारतीने व्यापलेली जमीन १९ लाख चौरस फूट आणि आतल्या मजल्यांवरची वापरातली जागा सुमारे ४९ लाख. दोन्ही आकडे बरोबर, एकाला एक म्हणून वाचलं की गोंधळ. इथे पश्चिमेच्या एक तृतीयांश भागात मधला स्लॅब पडलेला दिसतो, म्हणजे जमिनीवर साडेचौदा लाख आणि मजले धरून एकोणीसच्या आसपास. पत्रे लागलेल्या भागात आत आणखी एखादा मजला असेल तर तो बाहेरून कळणार नाही. कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी.

पूर्वेकडे मात्र मजा आहे. शेवटच्या खांबापुढे, त्याच रेषेत, तेवढ्याच अंतरावर काँक्रीटचे बुटके चौथरे ओळीने गेलेत. प्रत्येकातून चार बोल्ट वर आलेले आणि त्यांच्या आट्यांना गंज लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळून सुतळीने बांधलेल्या. वाऱ्यावर सगळ्या पिशव्या एकदम फडफडतात. मी ३० रांगा मोजल्या. म्हणजे आणखी ३६० मीटर, नऊ लाख चौरस फूट. सगळे खांब उभे राहिले तर जमिनीवरचा आकडा साडेतेवीस लाखांवर जाईल. ७२ तेव्हाही नाही.

कुंपणाच्या आत जाऊ नका, परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका, डंपरच्या फाटकासमोर उभे राहू नका. तिथला पहारेकरी सभ्य आहे पण दुसऱ्यांदा सांगत नाही. दुर्बीण, वही, पहाटेची वेळ एवढं पुरे. मोजणी पश्चिमेच्या कोपऱ्यापासून सुरू करा. पूर्वेची कड तुम्ही पोचेपर्यंत सरकलेली असेल. मी निघालो तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोन चौथऱ्यांवरच्या पिशव्या सोडलेल्या होत्या आणि वर क्रेनला खांब लटकत होता.