पतसंस्थेचा सभासद
आमच्या गावातील सहकारी पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज संध्याकाळी दुकानादुकानांतून वीस-पन्नास रुपये गोळा करतो, आणि ज्या भाजीविक्रेत्याकडे तारण ठेवण्याजोगे काहीच नसते त्यालाही दोन जामीनदारांच्या सहीवर तेथे कर्ज मिळते; मोठ्या बँकेत त्याचा अर्ज कितपत पुढे सरकला असता, याची मला शंकाच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार भाग (शेअर) कितीही असले तरी सभासदाला मत एकच असते, आणि लाभांशावरही १५ टक्क्यांची मर्यादा आहे. मात्र बँकेतील ठेवींना मिळणारे ५ लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण पतसंस्थेतील ठेवींना लागू नाही. म्हणूनच वार्षिक सर्वसाधारण सभेत (चहा-बिस्किटे येण्यापूर्वीच) मी अहवालातील थकबाकीचे आकडे आणि लेखापरीक्षकांचे शेरे वाचून संचालकांना त्यांविषयी प्रश्न विचारतो.