नुसतं ‘एस’ दाबलं की

परवा दुपारी डबा झाला, सुपारी तोंडात टाकली आणि शिक्षणाधिकाऱ्यांना मेल करायला बसलो. पत्त्याच्या खणात सवयीनं ‘एस’ दाबलं आणि वाट पाहिली. काही आलं नाही. पुन्हा दाबलं. दोन एस झाले, तेवढंच.

चौदा वर्षं नुसतं ‘एस’ दाबलं की शिक्षणाधिकारी कार्यालय खाली हजर. ‘पी’ला वेतन पथक, ‘बी’ला बँक. ‘के’ला एक कुणीतरी यायचा, ज्याला मी एकदाच, तेही चुकून, राखीव पदांची बिंदुनामावली पाठवली होती. तो प्रत्येक वेळी यायचा आणि प्रत्येक वेळी मी त्याला ओलांडून जायचो. खरं सांगतो, पूर्ण पत्ता मला एकाचाही पाठ नाही.

झालं असं की आमच्या संस्थेचा मेल नव्या प्रणालीवर नेला. चार शाळा, एक कनिष्ठ महाविद्यालय, सगळी मिळून ६१ खाती. पत्रक निघालं, त्यात शब्द होता ‘वापरकर्त्यांचे स्थलांतर’. आमच्या शिपायानं ते नोटीस बोर्डावर डकवता डकवता वाचलं आणि विचारलं, “बडेबाबू, आपल्याले कुठं जा लागते?”

कुठंच नाही, म्हटलं. आपण इथंच. पत्रं जातात.

काम करायला नागपूरहून एक पोरगा आला होता. बोलायला मोकळा. म्हणाला, एमएक्स रेकॉर्ड म्हणजे चौकातली पाटी समजा, या नावाची डाक कोणत्या घरी टाकायची ते सांगणारी. शुक्रवारी रात्री ती पाटी आम्ही बदलू. पण जगभरच्या मशिनींनी जुनी पाटी काही तास लक्षात ठेवलेली असते, म्हणून एखाद दिवस काही पत्रं जुन्या घरी पडतील, काही नव्या. घाबरू नका, जुनं घर महिनाभर उघडं ठेवतो.

माझी गोष्ट वेगळी निघाली. माझा संगणक जुन्या वळणाचा, पॉपवर चालणारा. म्हणजे मेल आला की उतरवून घ्यायचा आणि सर्व्हर मोकळा करायचा. आयमॅपवाल्यांची पत्रं सर्व्हरवरच असतात, ती इकडून तिकडं परस्पर गेली. माझी सगळी माझ्याच टेबलाखालच्या डब्यात, एका भल्यामोठ्या फायलीत. ती वर चढवायला लावली. ८३ टक्क्यांवर आली आणि लाईन गेली. पोरगा हसला, मी पण हसलो, पण माझं हसणं जरा आतून नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून.

स्थलांतर हा शब्द आमच्या घरी फारसा कुणी उच्चारत नाही. मामाचं गाव बेंबळा धरणात गेलं. मी तेव्हा नोकरीला लागलेलो, रजा टाकून मदतीला गेलो होतो. घर पाडायचं म्हणजे तोडायचं नसतं, उतरवायचं असतं. सागवानाचे खांब, दारं, चौकटी, माळवदाच्या फळ्या एकेक सोडवून बंडीत रचल्या. मामानं खांबांवर खडूनं आकडे टाकले होते, कोणता कुठं लागेल म्हणून. कोठ्यातली दावणसुद्धा उपटून घेतली. चूल तेवढी आली नाही. मातीची चूल उचलली की चूल राहात नाही.

नवं गावठाण आखीव. रस्ते सरळ, नाल्या सरळ, विजेचे खांब ओळीत. नाव तेच, पिनचे पहिले आकडेही तेच, ४४५. प्लॉट मात्र चिठ्ठ्या टाकून वाटले. खांब बरोबर आकड्यावर बसले, दारं लागली, काहीच हरवलं नव्हतं. आजी ओसरीत बसून राहायची. मी म्हटलं, आजी, घर तर तेच आहे ना? ती म्हणाली, “घर तेच हाय रे. पण इथं हाक कोणाले मारू?”

जुन्या घरी तिला नाव पूर्ण घ्यावं लागायचं नाही. भिंतीकडं तोंड करून नुसतं “अवं” म्हटलं की सांदवाडीतून कुणीतरी ओ द्यायचं. विरजण असो, की पोराच्या कानाला तेल. कुणाला उद्देशून अवं, हे भिंतीलाच माहीत.

पोस्टमन मात्र हुशार. धरणाच्या आधीच्या पत्त्यावर आलेली पाकिटं तो निळ्या पेनानं पत्ता खोडून, नवा प्लॉट नंबर टाकून आणून द्यायचा. दोन-तीन वर्षं असं चाललं असेल. मग लोकांच्या पत्रांची सवयच गेली. एरवीही गेलीच असती म्हणा.

मेलच्या पत्त्यातल्या त्या गोल चिन्हाशीही माझी ओळख कापूस विकल्याच्या हिशेबाच्या पट्टीवर झालेली. अडत्या लिहायचा, इतके क्विंटल, मग ते चिन्ह, मग भाव. ॲट द रेट. रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन माणसानं १९७१ मध्ये तेच चिन्ह उचलून माणूस आणि मशीन यांच्या मधे ठेवलं, कारण कुणाच्या नावात ते येण्याची शक्यता नव्हती. हे कळलं तेव्हा मला त्याच्यापेक्षा आमच्या अडत्याचाच जास्त अभिमान वाटला होता. का, ते विचारू नका.

तर माझी सगळी पत्रं सुखरूप आली. २०११ सालची पटसंख्या, जुन्या फॉन्टमधली आणि त्यामुळं आता नुसती चौकोन-फुल्या झालेली निवेदनं, एका मुख्याध्यापकांचं अकरा वेळा पाठवलेलं एकच रजेचं पत्र. खांबावरचे आकडे जुळले. फक्त ‘एस’ दाबलं की कुणी ओ देत नाही.

पोराला फोन केला. तो म्हणाला, “ते जुन्या मशिनीच्या आठवणीत असते सर, मेलसोबत येत नाही. तुम्ही टाकत राहा. हळूहळू शिकते.”

शिकतेच. त्या आठवड्यात पासवर्ड विसरलेल्यांची, फोन न जोडलेल्यांची, सही गायब झालेल्यांची सगळी गाऱ्हाणी मीच कळवत होतो. काल सहज ‘एस’ दाबलं. एक नाव वर आलं. सपोर्ट.