गाद्याचं डोकं

१९ जुलै, शनिवार, रात्री

वरचा फ्लॅट काकूंनी विकला आणि नव्या लोकांनी राहायला येण्याआधीच तोडफोड काढली. सकाळी नवाला ब्रेकर सुरू होतो आणि आमच्या मांडणीवरची भांडी वाजायला लागतात. चार दिवस मी वैतागलेय. अण्णा मात्र खुशीत. हात मागे बांधून रोज वर जाऊन उभे राहतात, मुकादम अण्णांनीच नेमल्यासारखे. आज खाली आले ते गप्प. चहा निम्मा झाल्यावर म्हणाले, "पोटमाळा काढतायत. माझा."

तो पोटमाळा अण्णांनी १९८४ साली घातला होता. गोदीत फिटर असले तरी सुतारकामाची हौस दांडगी. फळ्या दारूखान्यातून, म्हणजे मुंबईतल्या बोटी मोडायच्या जागेतून, आणल्या होत्या, कुठल्याशा मोडीत निघालेल्या बोटीच्या. अस्सल साग, खाऱ्या वाऱ्यात मुरलेला. काकूंची पापडाची बरणी, गौरीचे मुखवटे आणि नको असलेलं सगळं चाळीस वर्षं त्यावर राहिलं. नव्या मालकाला म्हणे खोलीला उंची हवी, म्हणून माळा काढायचा. मग फॉल्स सीलिंग घालून ती उंची पुन्हा कमी करायची.

दुपारी आडवे झाले आणि एकदम विचारलं, "बाय, आपली ती गाद्याची बोट तोडली ना गं?"

तोडली, अण्णा. २०२० च्या नोव्हेंबरात गुजरातेत अलंगला मोडीत गेली. त्यांना हे पक्कं ठाऊक आहे. तरी वर्षातून दोनतीनदा विचारतात.

२०१९ च्या डिसेंबरात आई, अण्णा आणि मी तिच्यातून, म्हणजे 'कर्णिका' या क्रूझ बोटीने, गोव्याला गेलो होतो. आईची इच्छा. अण्णांच्या लेखी मुंबई-गोवा बोट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी, डेकवर पथारी पसरायची, हर्णैला पडावात उतरायचं आणि बोट लागली तर लिंबू चोखायचं. बॅलार्ड पिअरला पांढरीशुभ्र 'कर्णिका' समोर आली तेव्हा ते थबकले. बोटीचा पुढचा वरचा भाग असा गोलमटोल, कपाळ पुढे काढल्यासारखा. म्हणाले, "हा तर गादा!" हर्णैच्या माणसाला डॉल्फिन हा शब्द सुचत नाही.

मला तेव्हा हसू आलं. परत आल्यावर वाचलं आणि चाट पडले. बोटीचा आकार रेन्झो पियानोने काढलेला. पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरचे सगळे पाइप भिंतीबाहेर काढून रंगवणाऱ्या जोडीतला हा वास्तुरचनाकार. त्याच्या मनात खरोखरच डॉल्फिनचं डोकं होतं. सिटमार या क्रूझ कंपनीने काम दिलं, बोट पुरी होण्याआधी सिटमारच विकली गेली आणि १९९० साली इटलीतल्या मोनफाल्कोनेच्या गोदीतून ती 'क्राउन प्रिन्सेस' म्हणून बाहेर पडली. २४५ मीटर लांब. पुढच्या वर्षी तशाच डोक्याची धाकटी बहीण आली, 'रीगल प्रिन्सेस'. पियानोच्या मनातलं अण्णांनी धक्क्यावर उभं राहून एका नजरेत ओळखलं, हे मी आमच्या नात्यात निदान पन्नास जणांना सांगितलं असेल.

त्या बोटीने मग नावं किती बदलावीत! २००२ मध्ये 'आ-रोझा ब्लू', २००४ मध्ये 'आयडा ब्लू', २००७ मध्ये 'ओशन व्हिलेज टू', २००९ मध्ये 'पॅसिफिक ज्युएल' आणि शेवटी आपली 'कर्णिका'. सहा नावं, तीस वर्षं. जर्मनांनी घेतली तेव्हा जर्मनांच्या आवडीचं, ब्रिटिशांनी घेतली तेव्हा त्यांच्या, ऑस्ट्रेलियात गेली तेव्हा तिथल्यांच्या. गालिचे बदलले, बार बदलले, नाकाडावरचं चित्रसुद्धा बदललं. 'आयडा'च्या बोटींवर लाल ओठ रंगवतात, ते हिच्याही वाट्याला आले. डोकं मात्र कुणी काढलं नाही. अण्णांचं म्हणणं, काढणार कसं? ते वर ठेवलेलं नाही, बांध्यातच आहे. काढायचं तर पुढची सगळी बोट उघडावी लागेल.

वर ठेवलेल्यांचं काय होतं तेही मी अण्णांना दाखवलं होतं. त्याच मोनफाल्कोनेच्या गोदीने १९९८ मध्ये 'ग्रँड प्रिन्सेस' बांधली, तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी प्रवासी बोट. तिच्या पार मागच्या टोकाला, डेकच्या कितीतरी वर, दोन खांबांवर आडवा पूल टाकल्यासारखा नाइटक्लब. नाव स्कायवॉकर्स. तिथे जायला सरकता रस्ता होता, विमानतळावर असतो तसा. लांबून बोट सुपरमार्केटमधल्या ट्रॉलीसारखी दिसायची आणि लोक तिला तेच म्हणायचे. मला फोटोत ती फार आवडते. कुरूप आहे, पण विसरता येत नाही. मात्र इतक्या उंचावर, तेही मागच्या टोकाला, एवढं वजन बारा महिने वाहायचं म्हणजे तेल जळणारच, शिवाय वारा अडतो. २०११ मध्ये बहामातल्या फ्रीपोर्टला ड्रायडॉकमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत, घेतली आणि क्लब कापून काढला. बोट हलकी झाली, इंधनाचा खर्च उतरला. आता मागून पाहिली तर शेपूट छाटलेल्या मांजरासारखी दिसते. त्याच घराण्यातल्या नंतरच्या बोटींना नाइटक्लब दिला, पण खाली आणि धुराड्याला लगटून. म्हणजे चूक त्यांना आधीच कळलेली होती. पहिलीचं कापायला तेरा वर्षं घेतली, इतकंच.

अण्णांचा आवडता किस्सा मात्र 'क्वीन एलिझाबेथ २' या ब्रिटिश प्रवासी बोटीचा. तो पाण्याखालचा, म्हणजे फिटरचा. १९८६-८७ मध्ये ब्रेमरहाफेनला तिची वाफेची टर्बाइनं काढून नऊ डिझेल इंजिनं बसवली. त्याच वेळी बोट ढकलणाऱ्या दोन्ही पंख्यांच्या मागे आणखी एकेक मोठं चाक लावलं, ग्रिम नावाच्या जर्मन माणसाने शोधलेलं. त्याला इंजिनाची जोडणी नाही. पुढच्या पंख्याने घुसळलेल्या पाण्यावर ते आपोआप फिरणार आणि वाया जाणारा जोर परत मिळवून देणार. कागदावर फार सुंदर. चाचणीला बोट समुद्रात नेली, परत आणून पाहिलं तर चाकांची कितीतरी पाती तुटून गेलेली. दोन्ही चाकं काढून टाकली आणि बोट त्यांच्यावाचून पुढे वीसेक वर्षं झकास चालली. अण्णा हे ऐकताना दर वेळी मांडीवर थाप मारतात. "फुकटचा जोर कुठे असतो गं!"

मला स्वतःला चटका लागतो तो वेगळ्याच गोष्टीचा. 'टायटॅनिक'ची मोठी बहीण 'ऑलिंपिक' १९३५ मध्ये निवृत्त झाली, इंग्लंडमधल्या जॅरोला मोडीत निघाली, आतलं सामान लिलावात गेलं. तिथल्याच अॅनिक नावाच्या गावातल्या व्हाइट स्वान हॉटेलात तिच्या लाउंजचं लाकूडकाम आजही आहे, लोक त्यात बसून जेवतात. तिच्या दुसऱ्या एका रेस्टॉरंटचं अक्रोडाचं पॅनेलिंग इंग्लंडमधल्या एका घरात पडून होतं. 'सेलिब्रिटी मिलेनियम' ही क्रूझ २००० साली आली तेव्हा ते विकत घेऊन बोटीवर बसवलं, भोवती 'ऑलिंपिक' नावाचं रेस्टॉरंट उभारलं. पासष्ट वर्षं जमिनीवर काढून लाकूड पुन्हा समुद्रावर. आणि मग पुढच्या एका रिफिटमध्ये, म्हणजे बोटीच्या नूतनीकरणात, ते रेस्टॉरंट गेलं, तिथे इटालियन स्टेकहाउस आलं. हिशेबाला बरोबर असेल. सुट्टीवर आलेल्या किती जणांना १९११ च्या अक्रोडासमोर बसून सात पदार्थ जेवायचे असतात? तरी मला ते पटलेलं नाही.

'कर्णिका'चं म्हणाल तर तिला पुढचं रिफिट लाभलंच नाही. कोविड आला, क्रूझ थांबल्या, कंपनी बंद पडली, बोट विकली. भरतीच्या पाण्याबरोबर अलंगच्या किनाऱ्यावर चढवली आणि गॅसकटर लावले. तिथल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना 'खाडा' म्हणतात ती दुकानं आहेत, बोटींतले सोफे, ताटल्या, दिवे, दरवाजे, लाइफ जॅकेटं, सगळं विकतात. अण्णा मागे लागले होते, एकदा जाऊन येऊ. मी म्हटलं, कशाला, आपण कुठल्या खुर्चीत बसलो होतो ते आठवतंय का तुम्हाला? "खुर्ची नको," म्हणाले, "त्या डोक्याखाली बसलो होतो ना, तिथलं काहीतरी." घुमटाखाली आम्ही एका संध्याकाळी बसलो होतो हे खरं. वर वाकलेलं छत, आई शाल गुंडाळून, गाणी कर्कश. आई पुढच्या वर्षी गेली. अलंगला जाणं राहिलंच.

'कर्णिका'ची धाकटी बहीण, 'रीगल प्रिन्सेस', आहे अजून. तिचीही कथा न्यारी. 'पॅसिफिक डॉन' म्हणून ऑस्ट्रेलियाला होती, २०२० मध्ये काही लोकांनी घेऊन 'सातोशी' नाव ठेवलं. पनामाच्या आखातात नांगरून त्यावर क्रिप्टोवाल्यांची, म्हणजे डिजिटल चलनवाल्यांची, वसाहत करायची होती. बोटीला विमा मिळेना, वसाहत बारगळली, बोट भंगारात काढायची ठरली आणि तो बेतही फिसकटला. २०२२ पासून इंग्लंडमध्ये टिलबरीहून 'अॅम्बियन्स' नावाने फिरते. आज संध्याकाळी अण्णांना फोनवर फोटो दाखवला. चष्मा वर सरकवून दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. "डोकं तसंच आहे," म्हणाले. मग, "बूड जरा जड वाटतंय." यांना फोटोवरूनही बूड जड वाटतं.

साडेआठला वरचं काम थांबलं. मी जाऊन पाहून आले. माळा निम्मा उतरवलाय. चार फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्यात, वर सिमेंटची धूळ, एकीवर अण्णांच्या हातची पेन्सिलची मापं अजून दिसतात. पोऱ्या म्हणाला, उद्या सकाळी डेब्रिजचा टेम्पो येणार, सगळं त्यात जाणार. मुकादमाचा नंबर घेतलाय. तो सातला येतो म्हणे, म्हणजे साडेसहाला उठायला हवं. फळ्या सहा फुटी आहेत, लिफ्टमध्ये मावायच्या नाहीत, जिन्याने आणाव्या लागतील. ठेवायच्या कुठे ते अण्णांना विचारलेलं नाही.